विनंती थांब्यावरची माणसं

मुळशीला निघाले तेव्हा शाळेतल्या मैत्रिणींनी धरणाचे फोटो मागितले होते. धरण मी पाहिलंच नाही. दिवाळीची सुट्टी मी कोळवणच्या खोऱ्यात एका वळणावर, एका भिंतीसमोर काढली, आणि नागपूरला परतल्यापासून जो भेटेल त्याला त्या भिंतीबद्दल सांगते आहे. ज्यांना सांगायचं राहून गेलं, त्यांच्यासाठी हे लिहून काढलं.

मला तिकडे बोलावलं नंदा कांबळेनं. नंदा मुळशीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. दर दसऱ्याला ती दीक्षाभूमीला येते आणि आमच्या घरी मुक्काम करते. पहिल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या विहारात झोपायला जागा उरली नव्हती म्हणून आईनं तिला हाताला धरून घरी आणलं होतं. आई गेली, नंदा येत राहिली. मी चित्रकलेची शिक्षिका, सुट्ट्यांमध्ये अंगणवाड्यांच्या भिंती रंगवते, हे तिला ठाऊक होतं. यंदा जेवताना ती म्हणाली, "वैशालीताई, आमच्या फाट्यावर एक भिंत आहे. तिच्यावर असं काही तरी काढा, की ड्रायव्हरला गाडी थांबवावीच लागेल."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या गावाच्या फाट्यावर विनंती थांबा आहे, म्हणजे हात केला तरच बस थांबायची. पण फाटा पडतो अवघड वळणावर. पावसाळ्यात पावसानं आणि हिवाळ्यात धुक्यानं ड्रायव्हरला माणूस दिसतो तेव्हा गाडी पुढं गेलेली असते. गाडी थांबत नाही म्हणून तिथं कुणी चढत नाही, आणि कुणी चढत नाही म्हणून नव्या वेळापत्रकातून थांबाच काढून टाकायचं चाललं होतं. नंदा स्टँडवरच्या साहेबांना भेटून आली. "तिथं प्रवासीच नसतात हो, बाई," साहेब म्हणाले.

नंदाकडे स्कूटर आहे. थांबा गेला तरी तिचं काही अडणार नव्हतं. अडणार होतं वरच्या वाडीतल्या कातकरी माणसांचं. डोंगर उतरून यायचं आणि पुन्हा कोळवणपर्यंत पायी जायचं. मला रजेचा विचार करायची गरज नव्हती, शाळेला सुट्टीच होती. भाऊबीज झाली आणि मी निघाले.

भुकूमच्या पुढे

नंदा मला पुणे स्टेशनवर स्कूटर घेऊन न्यायला आली. भुकूमपर्यंत पुणं संपतच नाही. उंच इमारती, अर्धवट इमारती, आणि ज्या अजून उगवल्या नाहीत त्यांच्या जाहिराती. पिरंगुटला ट्रकांच्या मधून वाट काढताना मी डोळे मिटून घेतले. पौड मागे पडलं, रस्ता कोळवणकडे वळला, आणि मी नंदाला स्कूटर थांबवायला लावली.

भाताची कापणी चालली होती. भाताची शेतं मला नवी नाहीत, भंडाऱ्याला माझं आजोळ आहे. पण तिथला भात सपाट, नजर पोचेल तिथवर. इथं तो डोंगराच्या अंगावर पायरी-पायरीनं चढलेला होता. कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास सगळ्या खोऱ्यात भरून राहिला होता. मधेच एखाद्या शेतघराचं लोखंडी फाटक, आत कातरलेली हिरवळ, आणि त्याच फाटकाबाहेर भाताचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया. डोंगराआडून तिकोना किल्ल्याचं टोक तेवढं दिसत होतं.

रात्री नंदानं नव्या इंद्रायणीचा भात आणि खेकड्याचं कालवण केलं. ताटात भाताचा चिकट गोळा पाहून मी विचारलं, "भात जास्त शिजला का गं?" तिच्या सासूबाई हसून हसून खोकल्या. इंद्रायणी अशीच खायची असते म्हणे, मोकळा भात पाहुण्याला वाढला तर तांदूळ जुना निघाला असं समजतात. मी सावजी रश्श्यावर वाढलेली, तिखटाचं मला भय नाही. पण खेकड्याची नांगी दातानं फोडताना ओठ कापून घेतला, आणि पुढचे दोन दिवस वाडीत मला सगळे 'खेकड्याच्या बाई' म्हणत होते.

भिंत

भिंत मला पहिल्या नजरेत आवडली. डोंगराची माती रस्त्यावर येऊ नये म्हणून बांधलेली सिमेंटची लांब भिंत, माणसापेक्षा थोडी उंच. वळण घेताना ती बसच्या थेट समोर येते. तिच्या एका टोकाला बस थांब्याचा निवारा, आत सिमेंटचा बाक. शेवाळ सुकून सगळं काळंठिक्कर पडलेलं होतं. ग्रामपंचायतीची परवानगी नंदानं आधीच काढली होती.

मी नागपूरहून आराखडा करून आणला होता. गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं: नाचणारी माणसं, झाडं, मोर. छान दिसतं, पटकन होतं, आणि अंगणवाड्यांमध्ये सगळ्यांना आवडतं. वाडीतल्या बाया भिंत घासायला आल्या तेव्हा मी तो कागद उलगडून दाखवला.

जनाबाई पुढे आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, सडसडीत. रानभाज्या, करवंदं, काय मिळेल ते टोपलीत घालून बाजाराला नेणाऱ्या. थांब्याची सगळ्यात जास्त गरज त्यांना आणि त्यांच्या सुनेला, कविताला. कविता भरे गावाजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. गाडी चुकली की उशीर, आणि आता उशीर झाला तर येऊच नको, असं तिला बजावलेलं होतं.

"ही मानसं कुनाची?" जनाबाईंनी विचारलं.

"वारली चित्रं आहेत, मावशी."

"वारली तिकडं डहाणूकडं. आमी कातकरी." त्यांनी कागद जरा लांब धरला. "आन् एवढी बारीक कंबर हितं कुनाची हाय?"

बाया हसल्या, मीही हसले, पण कान गरम झाले. एवढ्या लांबून आणलेला कागद मी गुंडाळून पिशवीत ठेवला. "मग काय काढू, तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

"सगळी लाल करून टाका," कविता म्हणाली. "लाल लांबनं दिसतं."

जनाबाईंना ते पटलं नाही. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. "त्यो डायवर एकल्या मानसाला थांबत न्हाई," त्या म्हणाल्या. "बाजाराच्या दिशी आमी घोळक्यानं असलो, की बरुबर थांबतुया. मंग घोळकाच काढ की."

नंदानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं, आणि मला ती सगळी माणसं तिथं उभी दिसली: खऱ्या उंचीची, गाडीची वाट पाहणारी. इतकी वर्षं मी भिंतींवर मोर काढत होते.

"घोळकाच काढायचा," मी म्हणाले.

उभं राहणं

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडलं, भिंत धुतली, उन्हात वाळवली, प्रायमर मारला. पुढचं मी सांगितलं ते ऐकून सगळे लाजले. प्रत्येकानं भिंतीला पाठ लावून रोज गाडीसाठी जसं उभं राहतो तसं उभं राहायचं, आणि दुसऱ्यानं चुलीतल्या कोळशानं त्याच्याभोवती रेघ ओढायची.

पहिल्यांदा सगळे फोटोसाठी उभे राहावेत तसे ताठ उभे राहिले. मग कविताला कंटाळा आला, तिनं एका पायावर भार टाकला, पर्स पोटाशी धरली आणि मान वाकडी करून वळणाकडे पाहिलं. "अशीच राहा," मी म्हणाले. रेघ ओढून ती बाजूला झाली, आणि भिंतीवर नाक-डोळे काही नसतानाही ती कविताच होती. मग सगळ्यांना कळलं. कुणी टोपलीसकट उभं राहिलं, कुणी पोर कडेवर घेतलं. एकानं शेळी आणली. शेळीची रेघ ओढताना तिनं कोळसा खाल्ला. नंदा दवाखान्याच्या कपड्यांत आली आणि उघडं वर्तमानपत्र हातात घेऊन उभी राहिली. स्कूटर घेण्याआधी गाडीची वाट पाहताना ती रोज असंच वाचायची म्हणे.

मी स्टुलावर चढून भिंतीची वरची कड रंगवत होते तेव्हा जनाबाई खालून म्हणाल्या, "जेवाया ये."

"येते, कड रंगवून राहिली," मी म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तवा काय रंगवायचं ऱ्हायलं हुतं? कड तर झाल्याली दिसतीया." आमच्याकडे 'रंगवून राहिली' म्हणजे रंगवते आहे, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. तेव्हापासून वाडीतली प्रत्येक बाई मला पाहिलं की "जेवून राहिली का?" असं विचारायची.

भांडण एकदाच झालं, आणि ते जागेवरून. खालच्या गावातले आप्पा हे भातशेती करणारे वयस्कर गृहस्थ. निवाऱ्यातल्या बाकावरची त्यांची जागा ठरलेली. तिथं बसलेलं त्यांचं चित्र आम्ही आधीच आखलं होतं आणि ते त्यांना आवडलंही होतं. पण वाडीतल्या माणसांच्या रेघा निवाऱ्याजवळ यायला लागल्या, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"वाडीवाले तिकडं टोकाला उभे ऱ्हात्यात," ते म्हणाले. "जसं हाय तसं काढायचं ठरलंय न्हवं?"

ते खरं होतं. मी येता-जाता पाहिलं होतं. गावातली माणसं निवाऱ्यात बसतात, वाडीतली माणसं लांब, झुडपांच्या कडेला उन्हात उभी राहतात. कुणी त्यांना तसं सांगत नाही, आणि कुणी त्यांना आत या म्हणतही नाही. जनाबाई टोपली उचलून टोकाकडे निघाल्या.

नंदानं हातातला पेपर खाली ठेवला. "आप्पा, ते तिकडं उभे राहतात म्हणूनच तर ड्रायव्हरला दिसत नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "वळणावर गाडीचा उजेड पहिला इथं पडतो, माझ्या शेजारी. जनामावशी, इकडं या. इथं उभ्या राहा."

"तुझ्या शेजारी?" जनाबाईंनी विचारलं.

"माझ्या शेजारी."

आप्पा बाकावर जाऊन बसले. गाडी थांबत नाही ही अडचण त्यांचीही होती, गुडघ्यांच्या औषधासाठी त्यांना तालुक्याला जावं लागतं. शेवटी ते उठले, कोळशाचा तुकडा मागून घेतला, आणि जनाबाईंभोवती रेघ त्यांनी स्वतः ओढली. रेघ वाकडी आली. ती मी तशीच ठेवली.

दहिवर

रंगवायला घेतलं तेव्हा फाट्यावर जत्रा भरली. कापणीवरून परतणारी माणसं विळे बाजूला ठेवून ब्रश धरायची. ज्याचं चित्र त्यानं स्वतःचं रंगवायचं नाही, दुसऱ्याचं रंगवायचं, असा नियम आपोआप पडला. त्यामुळे कविताला सासूबाईंच्या लुगड्याचा रंग ठरवता आला. तिनं तो असा केशरी-पिवळा केला की जनाबाई म्हणाल्या, "असलं मी लग्नातबी नेसलं न्हवतं." पण त्या दिवसभर तिथून हलल्या नाहीत.

चेहरे मी माझ्याकडे ठेवले होते. उन्हात भिंत तापायची, म्हणून ऊन उतरल्यावर मी ते रंगवायला घेतले आणि अंधार पडेपर्यंत एकेक चेहरा मन लावून पुरा केला. डोळ्यांतली चमक, कपाळावरच्या आठ्या, सगळं. इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचित झालं असेल.

सकाळी जाऊन पाहिलं तर एकालाही चेहरा नव्हता. रात्रभर दहिवर पडलं होतं, भिंत दवानं भिजली होती आणि न सुकलेला रंग ओघळून सगळ्यांच्या छातीवर आला होता. नागपूरच्या कोरड्या हवेत मी आयुष्यभर रंगकाम करत आले, संध्याकाळी भिंत ओली होते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. सुट्टीचे थोडेच दिवस उरले होते, आणि ते चेहरे पुन्हा तसे जमणार नव्हते.

कविता कामावर निघाली होती. ती वळणावर गेली आणि तिथून ओरडली, "मॅडम, हिकडं या." मी गेले. धुकं अजून होतं. तिथून भिंतीवरची माणसं धूसर दिसत होती, आणि ती सगळी ओळखू येत होती: वाकलेले आप्पा, पेपर धरलेली नंदा, टोपली टेकवलेल्या जनाबाई. चेहऱ्यांकडे माझं लक्षही गेलं नाही.

"हितनं तोंड कुनाला दिसतंय?" कविता म्हणाली. "डायवर हितनंच बगनार की."

त्या दिवशी आम्ही ओघळ पुसून काढले आणि भर दुपारी, भिंत चटका देत असताना, चेहरे नव्यानं रंगवले. मोजक्या रेघा, सपाट रंग, ठळक भुवया. या वेळी मी एकटीनं रंगवले नाहीत. नंदानं आप्पांच्या मिश्या काढल्या. वाडीतल्या बायांनी एकमेकींची कुंकवं लावली.

धुक्यातली गाडी

सुट्टीचा शेवटचा आठवडा लागला तेव्हा एका सकाळी दाट धुकं पडलं. कविताची पहिली गाडी होती. मी आणि नंदा तिच्याबरोबर फाट्यावर गेलो आणि निवाऱ्याच्या मागं उभ्या राहिलो. रस्त्यावर कविता एकटीच होती.

वळणापलीकडे इंजिनाचा आवाज आला. मग उजेड भिंतीवर पडला आणि सरकत गेला: जनाबाई, नंदा, पोर कडेवर घेतलेली बाई, शेळी, सगळा घोळका. ब्रेक करकचून लागले. गाडी निवाऱ्याच्या बरोबर समोर येऊन थांबली, आणि आतून ड्रायव्हरचा आवाज आला, "दार उघड रे, लई पब्लिक आहे."

कंडक्टरनं दार उघडलं. कविता चढली. मागं कुणीच नाही.

ड्रायव्हर खाली उतरला. मध्यम वयाचा, मफलर बांधलेला. तो भिंतीजवळ गेला, हात लावून पाहिला आणि आमच्याकडे वळला. "हा काय प्रकार आहे, ताई? वळणावर माणसाला घाबरवता का?" तो रागावला होता, आणि त्याचं बरोबर होतं. मी माफी मागणार होते. पण तो परत भिंतीकडे पाहत होता. जनाबाईंच्या चित्रासमोर येऊन थांबला.

"ही म्हातारी मला माहीत आहे," तो म्हणाला. "टोपली घेऊन असते."

"मंग थांबत का न्हाई तुमी?" कविता दारातून म्हणाली.

"ती टोकाला असते," तो म्हणाला. "दिसते, पण गाडी पुढं गेल्यावर. मागून दुसरं वाहन असतं, वळणावर मागं कसं येणार? आरशात दिसते ती." मग हळूच म्हणाला, "रोज दिसते."

इंजिन चालू होतं. खिडक्यांमधून माणसं बघत होती. त्यानं नंदाच्या चित्राकडे पाहिलं, मग खऱ्या नंदाकडे, आणि हसला. "उद्यापासून वळणाच्या आधी हॉर्न देतो," तो म्हणाला. "इथं उभे राहा, या भिंतीपाशी. झुडपात नको."

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला. तो वाडीपर्यंत ऐकू आला आणि वरून पोरांनी आरोळी दिली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरनंही दिला. त्यांचं आपापसात बोलणं झालं असणार, कारण मग गाड्या थांबून ड्रायव्हर-कंडक्टर भिंतीसमोर फोटो काढायला लागले, आणि थांबलेल्या गाडीत माणसं चढायला लागली. तिकिटं फाटली तशी बातमी स्टँडवर पोचली. प्रवासीच नसतात म्हणणारे साहेब एका दुपारी जीप घेऊन आले. पुष्कळ वेळ भिंत पाहिली. आप्पांना म्हणाले, "तुम्ही इथं बसलेले आहात आणि तिथंही बसलेले आहात." आप्पांना फार बरं वाटलं. जाताना साहेबांनी नंदाला सांगितलं, थांबा काढत नाही, आणि विनंती थांबाही ठेवत नाही. यापुढं सगळ्या गाड्या इथं थांबतील, वेळापत्रकात नाव येईल. नाव काय लिहू, असं विचारलं तेव्हा आप्पांनीच सांगितलं, "वाडी फाटा."

ते ऐकून जनाबाई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मी त्यांच्याजवळ बसले.

परतीच्या दिवशी मी नंदाच्या स्कूटरवर जायचं नाकारलं. मला त्या गाडीतून जायचं होतं. जनाबाईंनी वाटेसाठी तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली. निरोपाला वाडी उतरून आली होती, गावही आलं होतं, आणि सगळे भिंतीपाशी एकाच घोळक्यात उभे होते. त्यातल्या पुष्कळांना बाजाराला जायचं होतं.

हॉर्न वाजला, गाडी आली, बरोबर समोर थांबली. कंडक्टर पायरीवर उतरला. समोर आमचा घोळका, मागं भिंतीवरचा घोळका. कोण चढणार आणि कोण नाही, त्याला उमगेना. त्यानं तिकिटाचं मशीन सावरलं.

"खऱ्यांनी तेवढं पुढं या," तो म्हणाला.

सगळ्यांत आधी जनाबाई पुढं झाल्या.